मगर परवडली!

वडोदऱ्याला सयाजीगंजात ताईकडे गेलो की संध्याकाळी काळाघोड्याजवळच्या पुलावर फेरी ठरलेली. खाली विश्वामित्री, काठावर पहुडलेल्या मगरी. यंदा भाचा म्हणाला, ‘‘मामा, इथे गळ टाकायची सोय नाही. तुमची कृष्णा बरी!’’

म्हटलं, ‘‘बाबा रे, मगरी कृष्णेतही आहेत, सांगलीकरांना विचार. पण मगर नदीचीच लेक. आम्हाला छळते ती पाहुणी!’’

ही पाहुणी म्हणजे चिलापी. वांब, शिंगटा मिळेल या आशेने गांडूळ लावून बसावं, तर गळाला तीच. पुन्हा टाका, पुन्हा तीच! आपल्याकडे कन्नडमध्ये तिला ‘जिलेबी’ म्हणतात. नाव गोड, करणी कडू. मूळची आफ्रिकेची ही मासळी १९५२ साली भारतात आणली ती स्वस्त अन्न म्हणून. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिलं वाचतात आणि दोन-तीन महिन्यांत तीही विणीला येतात. शिवाय ती इतर माशांची अंडी-पिलं फस्त करते.

आमच्या आजीला नदीतल्या माशांची नावं मराठी-कानडी दोन्हींत पाठ होती. माझ्या मुलाला एकच ठाऊक आहे, चिलापी.

तेव्हा गळकरी मित्रांनो, सापडलेली चिलापी दया येऊन पाण्यात सोडू नका, जिवंत नेऊन विहिरीत तर नकोच. कालवणात घाला, चवीला वाईट नाही. आणि घरच्या काचपेटीतले मासे कंटाळा आला म्हणून नदीला दान करू नका.