रोजचे चालणे की उठाबशा?



गेल्या अंकानंतर अश्दोदच्या एका बाईंचे पत्र आले. त्या लिहितात, "माझा नातू सैन्यातून सुटून घरी आलाय. मला म्हणतो, आजी, तुझं ते सकाळचं फिरणं म्हणजे काही व्यायाम नव्हे. दम लागला पाहिजे, वजनं उचलली पाहिजेत. माझं वय ७४. आता या वयात मी काय जिममध्ये जाऊ? की आपलं फिरणंच बरं?"

बाई, दोन वर्षांपूर्वी हे पत्र आले असते तर आम्ही लगेच लिहिले असते की नातवाचे ऐकू नका, फिरत रहा, फिरण्यासारखा व्यायाम नाही. पण मध्यंतरी आमच्याच घरी एक गोष्ट घडली. ती आधी सांगतो, मग उत्तर देतो.

आमचे घर सिंगापुरात वॉटर्लू स्ट्रीटच्या जवळ, अकराव्या मजल्यावर. १८७८ साली बांधलेले मागेन अबोथ सिनेगॉग इथून चालत पाच मिनिटांवर. आम्ही दोघे, म्हणजे आमचे हे आणि आम्ही, पंधरा वर्षे रोज सकाळी फिरायला जातो. इथे वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेसहाला बाहेर पडायचे, ब्रास बासाच्या बाजूने जाऊन फोर्ट कॅनिंग टेकडीच्या पायथ्याने वळून परत. २०१५ साली सरकारने 'नॅशनल स्टेप्स चॅलेंज' सुरू केले, तेव्हा पावले मोजायचे यंत्र मनगटाला बांधून आम्हीही त्यात उतरलो. सात-आठ हजार पावले सहज व्हायची. कोणी विचारले की ह्यांचा चेहरा खुलायचा. "आम्हाला काय धाड भरलीय!" असे म्हणायचे.

एके रात्री हे न्हाणीघरात घसरले. पडले असे नाही, भिंतीला धरून हळूच खाली बसले. लागले काही नाही. पण उठता येईना. आम्ही धावलो. आयुष्यभर नर्सिंग केले, शेकडो पेशंट उठवले-बसवले. आधी दुखते का, हात-पाय हलतात का ते पाहिले, आणि मग नर्सने कधी करू नये ते केले. काखेत हात घालून ओढायला गेलो. आमचेच गुडघे वाकले आणि आम्हीही ओल्या फरशीवर बसलो. फोन बाहेर टेबलावर. हे म्हणाले, "अगं, तू तरी ऊठ." आम्हाला उठता येईना!

पाऊण तास आम्ही तिथे होतो. प्लास्टिकच्या तांब्याने दार ठोकत होतो. शेवटी शेजारच्या चिनी आजींच्या घरी काम करणाऱ्या इंडोनेशियन मुलीने ऐकले. तिच्याकडे आमची किल्ली होती म्हणून बरे. तिने स्टूल आणून दिले, त्याला धरून आधी आम्ही उठलो, मग दोघींनी मिळून ह्यांना उठवले. हाड मोडले नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. रोज सात हजार पावले चालणारी दोन माणसे, आणि जमिनीवरून उठायची ताकद नाही. हे कसे झाले?

आठवड्याने फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मुलगी नातीच्या वयाची. तिने भिंतीला टेकवून एक साधी खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "हात छातीवर घ्या. ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तितक्या वेळा करा." ह्यांच्या पाच झाल्या. आमच्या सात. मग तिने सांगितले की ७० ते ७४ वयाच्या बाईच्या १० पेक्षा कमी आणि पुरुषाच्या १२ पेक्षा कमी झाल्या तर पाय कमजोर, पडायचा धोका जास्त. ७५ ते ७९ वयाला बाईंसाठी १० आणि पुरुषांसाठी ११.

आम्हाला हसू आले आणि रडूही आले. कारण ह्या तर उठाबशा! मुंबईच्या शाळेत गृहपाठ केला नाही की बाई कान धरून काढायला लावायच्या त्या. तेव्हा शिक्षा होती, आता औषध झाले.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. चालणे वाईट का? मुळीच नाही. हृदयासाठी, साखरेसाठी, ब्लडप्रेशरसाठी, झोपेसाठी रोजचे चालणे उत्तमच. मुलांनो, एक जुनी गोष्ट ऐका. लंडनच्या दोन मजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटे देत जिना वर-खाली करायचा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दोघांची तुलना करून १९५३ साली छापले की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. कंडक्टर काही पैलवान नव्हते. रोज थोडे थोडे हलत होते, तेवढ्याने फरक पडला. तुमच्या आजी-आजोबांना मुंबईच्या लाल डबलडेकर आठवतील, त्यांना विचारा.

मग जास्त दमणारा माणूस जास्त जगतो का? हे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात पाहिले गेले. ७० ते ७७ वयाची १५६७ माणसे घेतली, तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून दोनदा चांगला दम लागेल असा व्यायाम करायचा, दुसऱ्याने दोनदा ५० मिनिटे मध्यम व्यायाम, तिसऱ्याने सरकारी सल्ल्याप्रमाणे आपापले बहुतेक दिवस अर्धा तास हालचाल करायची. पाच वर्षांनी, २०२० साली निकाल छापला. दमणाऱ्या गटात मृत्यू थोडे कमी दिसले, पण फरक इतका लहान की तो व्यायामामुळेच असे ठामपणे म्हणता आले नाही. म्हणजे बाई, तुमचे फिरणे फुकट जात नाही. तुमच्या नातवाला हे जरूर वाचून दाखवा.

पण नातूही पूर्ण चुकीचा नाही. चालण्याने हृदय-फुप्फुसे चालू राहतात, मांडीचे स्नायू मात्र त्याने फारसे वाढत नाहीत. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजत जातात आणि साठीनंतर ते वेगाने होते. सपाट रस्त्यावर पाय टाकायला थोडीच ताकद लागते, म्हणून झीज झालेली कळतच नाही. ती कळते संडासातून उठताना, बसची पायरी चढताना, आणि आमच्यासारखी न्हाणीघराच्या फरशीवर.

आमची आई कधी व्यायामाला गेली नाही. पण ती पाटावर बसून जेवायची, विळीवर बसून मासळी कापायची, उकिडवे बसून कपडे धुवायची, सणाला जमिनीवर बसून मालिदा कालवायची. दिवसाला तीस-चाळीस वेळा तिची जमिनीवरून उठबस व्हायची. आपण परदेशात आलो, खुर्ची आली, सोफा आला, लिफ्ट आली, वॉशिंग मशीन आले. सुख आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती उठबस गेली आणि तिच्या जागी आपण काहीच आणले नाही.

"आता या वयात ताकद कुठून येणार?" असे हे म्हणाले होते. त्यांना आम्ही बॉस्टनची गोष्ट सांगितली. १९९० साली मारिया फियातारोने नावाच्या डॉक्टरीणबाईंनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या १० माणसांना घेतले. आठ आठवडे त्यांच्याकडून पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, आणि तोही हलका नव्हे, चांगला जड. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीत! इथे सिंगापुरातही लिएन फाउंडेशनने 'जिम टॉनिक' नावाने म्हाताऱ्यांसाठी खास यंत्रे आणून ताकदीचे वर्ग सुरू केले. तिथे काठी टेकत आलेल्या आजी पायाने वजन ढकलताना आम्ही पाहिल्या आहेत.

मग किती करायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले सोपे करून देतो.

मोठ्यांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराची, किंवा दोन्ही मिळून. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. जोराची म्हणजे दोन-चार शब्द बोलले की श्वास घ्यायला थांबावे लागते. त्याखेरीज आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आणि पासष्टीच्या पुढच्यांनी निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व ताकदीचा सराव करावा, म्हणजे पडायचे भय कमी होते.

आम्ही काय करतो ते सांगतो. फिरणे रोज, पूर्वीसारखेच. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी खुर्चीच्या उठाबशा, दहा-दहाच्या दोन खेपा. मग ओट्याला धरून टाचा वर उचलणे आणि एका पायावर दहा आकडे उभे राहणे. बुधवारी फोर्ट कॅनिंगच्या पायऱ्या, कठड्याला धरून, बोलणे बंद होईल इतक्या वेगाने, मध्ये थांबत. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी फक्त सिनेगॉगपर्यंत चालणे. आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शरीरालाही असा बंद दिवस हवा. जोराच्या व्यायामानंतर स्नायूंना सावरायला साधारण दोन दिवस लागतात, म्हणून तोच जड व्यायाम रोज रोज करू नये.

आणखी एक गोष्ट फिजिओ मुलीने शिकवली, ती सगळ्यांनी शिकावी. पडल्यावर घाबरून लगेच उठू नका. आधी लागले का पाहा. नसेल तर कुशीवर वळा, मग हात-गुडघ्यांवर या, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात खुर्चीवर टेका, बळकट पायाचे पाऊल पुढे ठेवा, जोर देऊन उठा आणि वळून बसा. फार दुखत असेल किंवा डोक्याला लागले असेल तर हलू नका, मदत बोलवा. आणि फोन न्हाणीघरात हाताशी ठेवा, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. छातीत दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातले काही झाले तर तिथेच थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. हृदयाचा, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनचा इतिहास असेल तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी विचारा. सिंगापूरसारख्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, तेव्हा दुपारी मर्दुमकी नको.

दुसरी गोष्ट तरुणांसाठी. आम्ही वॉर्डात असे धडधाकट मुलगे-मुली पाहिले आहेत, ज्यांनी महिनोन्‌महिने काही केले नाही आणि एके दिवशी जिममध्ये जाऊन तासभर स्वतःला पिळून काढले. दोन दिवसांनी मांड्या सुजलेल्या आणि लघवी काळ्या चहासारखी. स्नायू तुटून त्यांचा कचरा मूत्रपिंडात जातो तेव्हा असे होते. असे दिसले तर घरी पाणी पीत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. जोराचा व्यायाम करा, पण पायरी-पायरीने वाढवा.

आणि मुलांनो, तुम्हाला रोज एक तास पळणे-खेळणे हवे, त्यात आठवड्यातले तीन दिवस चांगला दम लागणारे. इथल्या शाळांत 'नॅफा' नावाची परीक्षा असते, मोठ्या मुलांना २.४ कि.मी. धावावे लागते. आमचा नातू परीक्षेच्या आधी दोन आठवडे मर मर धावतो आणि मग वर्षभर सोफ्यावर! त्याला आम्ही म्हणतो, "बाळा, महिनाभराचं जेवण एका दिवशी जेवतोस का?"

बाई, तर उत्तर असे. फिरणे सोडू नका, आणि नातवाला म्हणा, "जिममध्ये येत नाही, पण माझ्यासमोर खुर्ची ठेव आणि घड्याळ लाव." वजने त्याला पुढे बघता येतील. सहा महिन्यांनी ह्यांच्या बारा झाल्या आणि आमच्या तेरा. खुर्चीचा आधार न घेता जमिनीवरून उठणे ह्यांना अजून जमत नाही. पण आता आठवड्यातून एकदा आम्ही दोघे मुद्दाम चटईवर बसून चहा पितो आणि खुर्ची धरून आपले आपण उठतो. शेजारची मुलगी दारातून बघते आणि हसते.

मुलांनो, या महिन्याचा गृहपाठ. आपल्या आजी-आजोबांना भक्कम खुर्चीवर बसवा, खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. तुम्ही बाजूला उभे रहा आणि ३० सेकंदांत किती उठाबशा होतात ते मोजून आम्हाला कळवा. कान धरायला लावू नका!

आपली,
नर्सआजी, सिंगापूर