बॅगा भरल्या, पण मुलाला सांगितले का?



वार्षिक परीक्षा जवळ आली की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "यंदा सुट्टीत आम्ही दुबईला चाललो." कोणी मस्कतला, कोणी कुवेतला, कोणी दोहाला. खेड, दापोली, चिपळूण, राजापूर या भागातल्या कितीतरी घरांतले बाबा किंवा अब्बा आखाती देशांत नोकरीला आहेत. त्यांना वर्षा-दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळते. म्हणून ज्यांना जमते ते बायकामुलांना तिकडे बोलावून घेतात, काही जण सुट्टीपुरते तर काही जण कायमचे.

मग घरात तयारी सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, आजीने केलेला मसाला, कोकम, पापड. मसाल्यात किंवा डब्यात खसखस जात नाही ना, हेही जाणकार लोक तपासतात, कारण अमिरातीत आणि सौदीत खसखस न्यायला बंदी आहे. एवढी बारीक काळजी घेतो आपण! पण ज्या लहान मुलाला घेऊन जायचे, त्याला काय सांगितले असे विचारले तर उत्तर येते, "त्याला काय सांगायचं? लहान आहे तो. जायच्या दिवशी कळेलच की."

माझे स्पष्ट मत आहे की मुलाला किमान दोन-तीन आठवडे आधी सांगितले पाहिजे, आणि नीट सांगितले पाहिजे. काही पालक म्हणतात, व्हिसा नाही झाला तर पोर हिरमुसेल. खरे आहे. पण "कागद आले की जायचं, नाही आले तर थोडं थांबायचं" हे चार वर्षांच्या मुलालाही समजते. झोपेतून उचलून गाडीत घातलेल्या मुलाला मात्र काहीच समजत नाही.

याचे कारण असे की आपण मोठी माणसे या प्रवासाकडे भेट म्हणून पाहतो. मुलासाठी त्यात ताटातूटसुद्धा असते. ज्या आजीच्या कुशीत तो रोज झोपतो ती मागे राहणार असते. अंगण, मांजर, वर्गातला मित्र, सगळेच राहणार असते. म्हणून निघताना गुपचूप काढता पाय घेऊ नका. मुलाला आजीचा निरोप घेऊ द्या. रडला तर रडू द्या. आपण कुठे चाललो आणि परत कधी येणार, की येणार नाही, हे त्याला खरे खरे सांगा.

दुसरी गोष्ट बाबांची. तीन-चार वर्षांच्या मुलाने बाबांना बहुतेक वेळा मोबाईलच्या पडद्यावरच पाहिलेले असते. पडद्यावर उंची कळत नाही, अंगाचा वास कळत नाही. विमानतळावर प्रत्यक्ष उंचापुरा माणूस हात पसरून समोर आला की मूल आईच्या ओढणीमागे लपते. बाबांचे मन दुखते. त्यात कोणीतरी म्हणते, "अरे, बाबांना ओळखलं नाहीस?" मग मुलालाही आपले काहीतरी चुकले असे वाटते. बाबांनी इथे घाई करू नये. गुडघ्यावर बसावे, मुलाच्या उंचीला यावे आणि त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावे. मुलाने बाबांसाठी काढलेले चित्र सोबत असले तर ते देण्याच्या निमित्ताने बोलणे सुरू होते. ओळख व्हायला एक तास लागेल किंवा आठ दिवसही लागतील.

प्रवासाबद्दलही मुलाशी बोला. मुंबईहून दुबईचे विमान साधारण तीन-साडेतीन तासांचे. रत्नागिरीहून मुंबईला जायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून थकवा घरापासूनच धरा. विमान खाली उतरताना हवेचा दाब बदलतो आणि कान दुखतात. गिळण्याच्या क्रियेने कान मोकळे होतात. त्यामुळे त्या वेळी तान्ह्या बाळाला अंगावर पाजा किंवा बाटली द्या, मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्या. "कानात गच्च होईल, मग पाणी प्यायचं" हे आधी सांगितलेले मूल घाबरत नाही. सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षांच्या आतले बाळ मांडीवर बसून जाऊ शकते, पण पासपोर्ट त्याचाही वेगळा लागतो.

आता शिक्षक मित्रांनो, यात आपलेही काम आहे. असे मूल वर्गात असेल तर नकाशावर अरबी समुद्र आणि त्यापलीकडचे गाव दाखवा. घड्याळाचा पाठ त्यालाच घेऊ द्या. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा दुबईत आणि मस्कतमध्ये नऊ, तर कुवेत आणि दोहात आठ. सगळ्या वर्गाला वेळेचे गणित कळते आणि त्या मुलाला आपण कुठे चाललो ते कळते. कायमचे जाणार असेल तर वर्गाने त्याला निरोप द्यावा. नुसता दाखला हातात देऊन मोकळे होऊ नये. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात हेही पालकांना सांगा, म्हणजे तिकडे इंग्रजी शाळेत गेले तरी घरी मराठी वाचन चालू राहील.

वर्षानुवर्षे लांब राहून, पै-पै साठवून बाबा हे तिकीट काढतात. त्यातले पहिले काही दिवस मुलाच्या रडण्यात आणि मोठ्यांच्या रुसण्यात जाऊ नयेत, एवढीच इच्छा. त्यासाठी रोज रात्री झोपताना पाच मिनिटे मुलाशी बोलणे पुरेसे आहे.