नंबरप्लेट आणि जात

गोव्याची नंबरप्लेट घेऊन राज्याबाहेर गेलेल्या पुष्कळांना हा अनुभव असेल. पोलीस गाडी अडवतात, डिकी उघडायला लावतात आणि हसत विचारतात, "दारू किती आणली?" नागपूरहून वर मध्य प्रदेशात जाताना वाटेत एका नाक्यावर आमचंही हेच झालं. मी चिडलो. गोव्याचा माणूस म्हणजे दारू नेणारच का? दहा मिनिटांत आम्हाला सोडलं. आमच्या आधीपासून तिथे एक मोटरसायकलवाला कागदपत्रं हातात धरून उभा होता. आम्ही निघालो तरी तो उभाच होता.

पुढे पांढुर्ण्याजवळ तिगावात चहाला थांबलो. हा मुलूख मध्य प्रदेशात असला तरी घरची बोली मराठी. टपरीवर ही हकीकत सांगितली, तर एक म्हातारा सहज म्हणाला, "पारधी असन तो भाऊ. त्यायले कागद दाखवूनबी सुटका नसते."

त्या माणसाला न पाहताच म्हाताऱ्याने त्याची जात सांगून टाकली. माझा चहा तिथेच कडू झाला.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर पुन्हा त्याच वस्त्यांवर राहिली. लोकांची नजरही बदलली नाही. सप्टेंबर २००७ मध्ये शेजारच्याच बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळच्या चौथियात, एका खुनानंतर जमावाने पारध्यांची अख्खी वस्ती जाळली. खुनाचा संशय काहींवर, शिक्षा मात्र बायकापोरांसकट सगळ्यांना!

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावं लागलं, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक करू नका. कायदा रद्द होऊन ७२ वर्षं झाल्यावर!

आम्ही गोंयकार म्हणू, हे इंग्रजांचं पाप, आमच्याकडे पोर्तुगीज होते. खरं आहे, तो कायदा गोव्यात कधी नव्हता. पण चोरी झाली की आपल्या तोंडी पहिला शब्द कोणता येतो? "घाटी असतील." किनाऱ्यावर मणी विकणारी लमाणी बाई दिसली की पर्स कोण सावरतं? लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचून हळहळणारेही आपणच ना?

पोलिसांनी तपासणी करू नये असं मी म्हणत नाही. गाडी जोरात हाकली, कागद नाहीत, तर जरूर अडवा. पण अडवण्याचं कारण माणसाने काय केलं हे असावं, तो कुणाच्या पोटी जन्मला हे नव्हे.

दहा मिनिटांच्या संशयाने माझा दिवस खराब झाला. गोव्यात परतल्यावर माझी नंबरप्लेट कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. त्या मोटरसायकलवाल्याने मात्र परतून कुठे जावं?