शरदातली फेरी आणि दुरुस्तीचा हिशेब

जुनी वस्तू दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा निर्णय देवळीसारख्या तालुक्याच्या गावात बहुतेक वेळा शरदात होतो. पावसाळ्याच्या ओलीने गादीला कुबट वास धरलेला असतो, विळ्याला गंज चढलेला असतो, चपलेचा तळ सुटलेला असतो. आश्विनातले ऊन हे सगळे उघड्यावर आणते. दसऱ्याला अवजारे घासून पुजली जातात, तेव्हा निकामी कोणते झाले ते कळते. पाठोपाठ दिवाळीची साफसफाई येते. शेतकरी घरात याच सुमारास पैशाची ओढ असते, कारण वेचणी लागलेली असली तरी माल विकायचा बाकी असतो. म्हणून वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या या कापूसपट्ट्यात दुरुस्ती आधी आणि नवी खरेदी कापूस विकल्यावर, असा क्रम पडतो.

दुरुस्ती कुठे आणि केवढ्याला होईल, या चौकशीला पायी फिरणे सोयीचे. कल्हईवाला किंवा पिंजारी यांच्या कामाला पाटी असतेच असे नाही. ते विचारत विचारत सापडतात. ऑक्टोबरचा चटका टाळायचा तर फेरी सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला करावी लागते. दुचाकीवर निघालेला माणूस पहिल्या दुकानाचा भाव मान्य करतो, पायी निघालेला दुसरीकडेही विचारतो.

निर्णयासाठी किमतीआधी पाहण्याची गोष्ट एकच: झिजणारा भाग मूळ वस्तूपासून वेगळा करता येतो का? कापसाची गादी याचे उत्तम उदाहरण आहे. वर्षानुवर्षांच्या भाराने रुईचे तंतू एकमेकांत दाबले जातात आणि त्यांच्यातली हवा निघून जाते. तंतू तुटतात ते थोडेच. उन्हात वाळवून पिंजले की तंतू मोकळे होतात, धूळ आणि तुकडे उडून जातात. जेवढी घट येते तेवढी नवी रुई मिसळायची आणि नव्या खोळीत भरायची. पूर्वी हे काम तात लावलेल्या पिंजणीवर होई, आता यंत्रावर होते. फोमच्या गादीला हा उपाय नाही. तिच्या पेशींच्या भिंती एकदा तुटल्या की खड्डा पडतो आणि तो तसाच राहतो. ज्या मातीत कापूस पिकतो तिथल्या घरांनी फोमकडे वळावे, हे जरा विचित्रच.

पितळी भांड्यात झिजतो तो कथलाचा थर. तो गेला की ताक, चिंच, आमसूल यांतल्या आम्लाने पितळातले तांबे पदार्थात उतरते आणि पदार्थ कळकतो. कल्हईत भांडे घासून भट्टीवर तापवतात. नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो आणि पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर सुटतो. 232 अंश सेल्सिअसला वितळणारे कथील मग कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतात. पितळ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, थर मात्र वारंवार द्यावा लागतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धावही याच जातीची: चाकापेक्षा किंचित लहान ठेवलेली, तापवून चढवलेली आणि पाण्याने आवळलेली. जमिनीशी घासते ती धाव, लाकूड वाचते.

विजेच्या वस्तूंत हिशेब बदलतो. छताचा पंखा मंद फिरू लागला तर अनेकदा कपॅसिटर बदलला की भागते, आणि तो स्वस्त असतो. पण वाइंडिंग जळले असेल तर जुना पंखा पुन्हा गुंडाळून घेणे सहसा तोट्याचे. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, ब्रशविरहित मोटरचा (बीएलडीसी) पंखा सुमारे 30. विदर्भात पंखा वर्षातले आठ महिने, रोज बारा तास चालतो असे धरले, तर वर्षाला सुमारे 130 युनिटांचा फरक पडतो. दुरुस्तीचा आग्रह इथे सोडलेला बरा.

मोबाइलमध्ये झिजणारी बॅटरी बहुधा आत चिकटवलेली असते. कारागिराला ती काढता येते, घरी जमत नाही. सुटा भाग, माहितीपुस्तिका आणि अवजार हे तीनही कंपनीच्या हातात राहिले की गावातला कुशल हातही रिकामा बसतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी 2022 च्या जुलैत समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणे, वाहने अशी चार क्षेत्रे निवडली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले. ट्रॅक्टरपासून मिक्सरपर्यंत सगळे त्यात येते, पण पोर्टलवरची माहिती देवळीच्या दुकानदाराच्या फळीवर सुटा भाग आणून ठेवत नाही. युरोपीय संघ एक पाऊल पुढे आहे: फेब्रुवारी 2027 पासून तिथे हातात वागवायच्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता येईल अशी असावी, असा नियम लागू होतो.

दुरुस्तीचा हा विचार इथे नवा नाही. देवळीच्या वर्धा जिल्ह्यातच 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि 1938 च्या डिसेंबरात वर्ध्याचे मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते उघडले. संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा इथे गावातल्या कारागिरीचे अर्थशास्त्र मांडत होते. त्या मांडणीत कारागीर वस्तू घडवणारा तसाच ती चालू ठेवणाराही होता.

जे दुरुस्त होत नाही ते भंगारात जाते. पितळ, तांबे, लोखंड यांना वजनावर भाव मिळतो, म्हणून ते वेगवेगळे करून द्यावेत. बॅटऱ्या, सर्किट आणि चार्जर त्या ढिगात टाकू नयेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे सर्किट आणि चार्जर यांची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच व्हायला हवी.