जाणिवेचें कोडें आणि विंचवाचा उतारा

“शास्त्रानें सारें सांगितलें, पण जीव म्हणजे काय तें सांगितलें काय?” असा सवाल आमच्या महाड-पोलादपूर भागांत पुराणिकबुवांपासून वाडीवरच्या भगतापर्यंत सर्वजण मोठ्या ऐटीनें टाकतात. समोरचा कुणबी किंवा कारागीर क्षणभर गप्प झाला, कीं पुढचें वाक्य तयारच असतें : “मग जिवाचें काम आमच्याकडे सोपवा!” सवाल वाईट नाहीं, मोठमोठे पंडित त्यापुढें थबकले आहेत. वाईट आहे तो सवालाच्या पाठोपाठ दक्षिणेसाठीं पुढें येणारा हात. म्हणून आधीं सवालाला सरळ जबाब देऊं आणि मग त्या हाताकडे वळूं.

जगांत जें कांहीं घडतें तें जड पदार्थांच्या गुणांनीं आणि हालचालीनें घडतें, त्यासाठीं शरीराहून निराळा आत्मा मानण्याचें कारण नाहीं, या मताला जडवाद म्हणतात. हें मत विलायतेहून आलें अशी थाप कोणी मारली तर ऐकूं नका. आपल्याच देशांत चार्वाक किंवा लोकायत नांवाचे लोक हें म्हणत होते. त्यांचे मूळ ग्रंथ बहुतेक नाहींसे झाले; विरोधकांनीं खोडून काढण्यासाठीं जेवढें लिहून ठेवलें, तेवढ्यावरूनच ते आपल्याला ठाऊक आहेत. पृथ्वी, पाणी, अग्नि, वायु या चार भूतांचा मेळ बसला कीं त्यांतून जाणीव उपजते, असें ते म्हणत, आणि दाखला देत विड्याचा. पान हिरवें, चुना पांढरा. पण विडा चघळला कीं तोंड लालभडक होतें. ती लाली एकट्या पानांत नव्हती, एकट्या चुन्यांतही नव्हती, मेळांतून आली. बुवांच्या पोथीपेक्षां हा दाखला आमच्या बायाबापड्यांना लवकर पटेल.

पण दाखला म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा पाहिजे असेल तर आपल्याच तालुक्यांत पाहा.

तांबडा विंचू आपल्या भागांत कोणाला माहीत नाहीं? लांकडाच्या मोळींत, पेंढ्यांत, दगडाच्या गडग्यांत तो बसलेला असतो. तो चावला कीं घामानें अंग भिजतें, हातपाय गार पडतात, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते. पुढें श्वास कोंडतो, तोंडावाटे फेंस येतो, आणि धडधाकट पोर कांहीं तासांत हातचें जातें. घरचीं माणसें म्हणत, विष चढलें, जीव ओढला. मग विंचू उतरविणारा बोलवीत. तो मंत्र पुटपुटे, पाल्यानें झाडी, नारळ घेई. पुष्कळदां उतारा पडेही. कां पडे? कारण बहुतेक चावे नुसत्या ठणक्यावर भागतात आणि ठणका आपोआप ओसरतो. जो आपोआप बरा व्हायचा तो मंत्राच्या खातीं जमा होई आणि जो मरायचा तो त्याच्या नशिबाच्या खातीं लागे. अशी वही असल्यावर मांत्रिकाला तोटा कसला?

1976 सालीं डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत आले. विंचवाचे रोगी डोळ्यांदेखत मरतांना त्यांनीं पाहिले. त्यांनीं मंत्र शिकून घेतला नाहीं आणि हात जोडूनही बसले नाहींत. रोग्याच्या उशाशीं बसून घाम कधीं सुटतो, नाडी कशी चालते, रक्ताचा दाब कधीं चढतो आणि कधीं उतरतो, हें ते टिपत गेले. 1982 सालीं त्यांचीं हीं टिपणें विलायतेच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकी पत्रांत आलीं. विष मज्जातंतूंच्या बारीक दारांना धरतें आणि तीं नीट मिटूं देत नाहीं. शेताच्या बांधाची मोरी उघडी राहिली तर जसें पाणी लोटतें, तसा शरीरांतील तापट रसांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतें, फुप्फुसांत पाणी भरतें. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें औषध दिलें तर? रक्तदाबासाठीं निघालेली प्राझोसिन नांवाची साधी गोळी त्यांनीं दिली आणि 1986 सालीं त्याचा अनुभव त्याच पत्रांत छापला. त्यापूर्वीं विष भिनलेल्या गंभीर रोग्यांत शेंकडा 30 पर्यंत दगावत. गोळी आल्यावर तें प्रमाण शेंकडा 4 च्याही खालीं गेलें. पुढें महाडासच 70 रोग्यांवर प्रयोग करून, गोळीबरोबर विंचवाची लस दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, हें त्यांनीं 2011 सालीं दाखविलें. 2022 सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. ज्यांचीं लेंकरें वांचलीं, त्यांनीं ती आधींच देऊन ठेविली होती.

आतां विचारा : येथें आत्म्यानें काय काम केलें? “जीव ओढला” हें वर्णन होतें, कारण नव्हतें. कारण जड पदार्थांत सांपडलें आणि तें सांपडल्यामुळेंच उपाय सांपडला. जडवाद खरा कीं खोटा याची आमच्या घरांतली पहिली कसोटी हीच, कीं त्यानें माणूस वांचतो कीं नाहीं.

जाणिवेचेंही असेंच पुष्कळसें उलगडलें आहे. 1846 सालीं अमेरिकेंत बोस्टन शहरीं ईथर हुंगवून एका रोग्याच्या मानेवरची गांठ कापली आणि त्याला कळ समजली नाहीं. आज आपल्या हॉस्पिटलांत भूल देणारा डॉक्टर रोज तेंच करतो. आत्मा अग्नीनें जळत नाहीं, शस्त्रानें तुटत नाहीं असें सांगतात; मग चमचाभर औषधानें तो झोंपतो कसा? डोक्याला मार लागून माणूस आपल्या बायकोला ओळखीनासा कां होतो? म्हातारपणीं मेंदू झिजला कीं आठवण कां जाते? तापांत पोर बरळतें आणि ताप उतरला कीं शहाण्यासारखें कसें बोलतें? प्रत्येक वेळीं शरीर बदललें कीं जाणीव बदलते. अंगांत येणेंही यांतलेंच. ज्या सुनेला घरांत एरवीं कोणी बोलूं देत नाहीं, ती देवीच्या नांवानें सासूसासऱ्यांना खडसावते. तिचें दुःख खोटें नाहीं. भूत मात्र खोटें आहे. तिला धुरी आणि छडी देऊं नका; तिचें म्हणणें ऐका आणि डॉक्टरास दाखवा.

येथवर जडवादाचा पक्ष भक्कम आहे. आतां त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर आम्हीही पोथीवालेच ठरूं.

जर्मन पंडित लायब्निट्झ यानें 1714 सालीं एक दाखला दिला. विचार करणारें एखादें यंत्र आहे असें समजा, आणि तें गिरणीएवढें मोठें करून आपण आंत शिरलों. तेथें काय दिसेल? एक भाग दुसऱ्याला ढकलतो आहे, एवढेंच. आपल्या भाताच्या गिरणींत जाऊन पाहा : पट्टा फिरतो, भात पडतो, तूस उडतें, पण ‘मला दुखतें’ असें कोठेंच दिसत नाहीं. विंचवाची कळ नसेंतून मेंदूपर्यंत कशी जाते हें डॉक्टर सांगेल. पण ती जाऊन पोहोंचली म्हणजे ठणकतें कां, आंत कोणाला तरी कांहीं वाटतेंच कां, हें त्याला अजून सांगतां येत नाहीं. विड्याची लाली चारचौघांना दिसते. कळ ज्याची त्यालाच कळते. एकोणिसाव्या शतकांत कार्ल फोग्ट नांवाच्या जर्मन जडवाद्यानें म्हटलें, कीं यकृताला जसें पित्त तसा मेंदूला विचार. बोलणें झणझणीत; पण पित्त बाटलींत भरून दाखवितां येतें, विचार कोणत्या बाटलींत भरणार? 

चामर्स नांवाच्या तत्त्वज्ञानें 1995 सालीं याला ‘कठीण प्रश्न’ असें नांव दिलें. मेंदूंतील जाणिवेचें ठिकाण 25 वर्षांत स्पष्ट सांपडेल अशी पैज कॉख नांवाच्या शास्त्रज्ञानें 1998 सालीं त्याच्याशीं मारली होती. 2023 सालीं कॉखनें सभेंत हार कबूल केली आणि ठरल्याप्रमाणें दारूच्या बाटल्या आणून दिल्या. ज्याला शास्त्र म्हणतात तें हें. सांपडलें नाहीं तर सांपडलें नाहीं म्हणतें आणि पैज चुकती करतें. पांचशें वर्षांत एखाद्या बुवानें हरलेली पैज चुकती केलेली कोणी पाहिली आहे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनींही या प्रश्नाला हात घातला होता. त्यांच्या पश्चात् 1957 सालीं निघालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथांत त्यांनीं आत्मा साफ नाकारला, पण जाणीव नाकारली नाहीं. विजेच्या क्षेत्राबरोबर जसें चुंबकाचें क्षेत्र असतें, तसें शरीराबरोबर जाणीव असते, असें कां म्हणूं नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दाखला मार्मिक आहे; मात्र विजेचें आणि चुंबकाचें नातें बांधणारा नियम शास्त्राजवळ गणितासकट आहे, शरीराचें आणि जाणिवेचें नातें बांधणारा तसा नियम अजून हातीं नाहीं. तो शोधण्याचें काम चालू आहे.

तेव्हां सवालाचा जबाब असा : जाणीव केव्हां येते, कशानें बदलते, कशानें जाते, हें शास्त्र पुष्कळ सांगतें आणि रोज अधिक सांगतें. ती मुळांत असतेच कां, हें तें आज सांगूं शकत नाहीं. आणि जें कोणालाच ठाऊक नाहीं तें कोणाचेंही वतन नाहीं! गांवची पडीक जमीन अजून मोजली गेली नाहीं, म्हणून ती कुळकर्ण्याच्या नांवें चढवावी काय? ‘आत्मा’ म्हटल्यानें कोडें सुटत नाहीं. कोड्याला नुसतें नांव मिळतें. गाडीचा आंख कां मोडला असें विचारल्यावर जो सुतार “त्यांतला आखात्मा निघून गेला” असें सांगेल, त्याला कोणी मजुरी देईल काय? मग जिवाच्या बाबतींत तेवढी का द्यावी? हल्लीं हेच लोक ‘ऊर्जा’, ‘लहरी’, ‘क्वांटम’ असे शब्द पांघरून येतात आणि ताइतांऐवजीं शिबिरें विकतात. सोंग नवें, हात तोच.

आत्मवाद्यांची दुसरी ओरड अशी, कीं आत्मा काढला तर माणूस जनावर होईल, नीति बुडेल. याचा जबाब महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यांत आहे. 1924 सालीं नगरपालिकेनें ठरावानें तळें सर्वांस खुलें केलें. 20 मार्च 1927 रोजीं बाबासाहेब आणि त्यांचे हजारों सोबती त्या तळ्याचें ओंजळभर पाणी प्याले. त्यावर लाठ्या चालल्या. मग शेण, गोमूत्र, दूध, दहीं यांच्या 108 घागरी घालून मंत्रांनीं तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. सर्वांभूतीं एकच आत्मा आहे असें रोज घोकणारांनींच हें केलें. लाठ्या उगारणारे सारे भटजी नव्हते, हेंही आम्हीं आमच्या मनाशीं समजून असावें. पाण्याचा विटाळ कोणत्या तराजूंत तोलतां येतो? शास्त्र पाणी तपासून जंतु दाखवील, क्षार दाखवील. विटाळ दाखविणार नाहीं, कारण तो पाण्यांत नाहीं, पाहणाराच्या डोक्यांत आहे. हक्काचा निकाल मंत्रानें लागला नाहीं. मुंबई हायकोर्टांत 17 मार्च 1937 रोजीं लागला.

नीतीला आत्म्याचा टेकू लागत नाहीं. कळ कां येते हें ठाऊक नसेल. पण कळ येते हें जगांतील सर्वांत पक्कें सत्य आहे. तांबडा विंचू जात विचारीत नाहीं, आणि ठणका ब्राह्मणाला, मराठ्याला, महाराला, कातकऱ्याला सारखाच लागतो. मला दुखतें तसें दुसऱ्याला दुखतें, एवढ्यावर साऱ्या न्यायाची इमारत उभी राहते. ज्यांना देव मानावयाचा आहे त्यांनीं खुशाल मानावा. जोतीराव फुल्यांनींही निर्मिक मानला. पण त्या निर्मिकाच्या आणि माणसाच्या मध्यें दलाल बसूं दिला नाहीं, आणि 1873 सालीं सत्यशोधक समाज काढला तो याचसाठीं.

आतां कामाची गोष्ट. महाराष्ट्रांत 2013 सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठीं अठरा वर्षें झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोळकर यांचा त्याच सालीं 20 ऑगस्टला पुण्यांत खून झाला. विंचू, साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यांत जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. पोलादपूरच्या घाटाखालच्या वाड्यांतून रात्रीं दवाखाना गांठणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणूनच उताऱ्यांत एक घटकाही दवडूं नका. ज्या ग्रामपंचायती सप्त्याला वर्गणी गोळा करतात, त्यांनीं चावलेल्या माणसाला न्यावयाची गाडी आणि जवळच्या आरोग्य केंद्रांत लस व गोळी आहे कीं नाहीं याची चौकशी, हीं दोन कामें आपल्या वहींत आधीं लिहावीं. एकनाथांनीं भारुडांत कामक्रोधाचा विंचू वर्णिला. त्या विंचवाला खुशाल भजनानें उतरवा. पेंढ्यांतल्या तांबड्या विंचवाला भजन समजत नाहीं. जाणीव काय आहे याचा वाद विद्वान आणखी शंभर वर्षें घालोत. ती ज्याच्या अंगीं आहे तें पोर आज रात्रीं वांचलें पाहिजे.