केसपेपरवरची एकटी सही

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातील २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा दाखल रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्णांना प्रतिजैविके सुरू असल्याचे आढळले. त्यातील निम्म्याहून अधिक औषधे संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिली जात होती. जिवाणू औषधांना दाद देईनासे का झाले, याचे एक मोठे कारण या आकड्यांत आहे. त्याचा सारा ठपका डॉक्टरांच्या हलगर्जीपणावर ठेवून मोकळे होणे सोपे. पण ते अर्धसत्य ठरेल.

अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरत असताना कल्चरच्या, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या तपासणीच्या अहवालाची वाट पाहता येत नाही. पहिला डोस अंदाजाने द्यावाच लागतो. घोळ होतो तो पुढे. दोन-तीन दिवसांनी अहवाल येतो आणि फाइलमध्ये पडून राहतो. ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर बदललेला असतो; वरिष्ठांनी सुरू केलेले औषध बंद करण्याची त्याची छाती होत नाही. रक्ताचा नमुना पहिल्या डोसनंतर घेतला गेला, म्हणजे अहवाल फसवा असू शकतो, हे परिचारिकेला माहीत असते. मेरोपेनेम हे प्रतिजैविक विनाकारण लांबत चालल्याचे औषधनिर्मात्याला दिसत असते. त्यांना विचारत कोणी नाही आणि आपणहून बोलले तर ‘तुमचे काम करा’ हे ठरलेले उत्तर.

म्हणूनच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, औषधनिर्माता आणि परिचारिका यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरसोबत राउंड घेणे, ही चैन नव्हे. औषध कशासाठी, किती दिवस आणि अहवालानंतर सौम्य पर्याय चालेल का, हे प्रश्न ४८ ते ७२ तासांत विचारलेच गेले पाहिजेत. बहुतेक नियोजित शस्त्रक्रियांना चिरा देण्यापूर्वीचा एक डोस पुरतो. तरी टाके निघेपर्यंत गोळ्या चालू ठेवण्याची सवय सुटत नाही.

कागदावर आपण मागे नाही. औषध दुकानांतील विक्रीला चाप लावणारी ‘एच-१’ अनुसूची २०१४ पासून लागू आहे, औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला. प्रतिजैविक लिहिताना कारणही लिहा, असे पत्र आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना धाडले. केरळने २०१८ मध्येच राज्याचा स्वतंत्र आराखडा करून काम सुरू केले.

अंमलबजावणी मात्र अडते. त्यासाठी दिली जाणारी, मनुष्यबळ अपुरे आहे, ही सबब खरी आहे. पण म्हणूनच सरकारने आधी जिल्हा रुग्णालयांतील प्रयोगशाळा आणि तिथली रिक्त पदे यांकडे पाहावे. खासगी रुग्णालयांच्या मिळकतीत औषधविक्रीचा वाटा असतो. त्यामुळे त्यांच्यावर केवळ आवाहनांचा परिणाम होणार नाही. प्रतिजैविकांच्या वापराचे आकडे दरवर्षी जाहीर करण्याची सक्तीच हवी. आणि औषध थांबवायचे का, असे विचारण्याचा परिचारिकेचा हक्क प्रत्येक रुग्णालयाने लेखी मान्य करावा. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो वरिष्ठांनी अहंकार बाजूला ठेवण्याचा मोठेपणा.