चुलीचा कंटाळा आणि डाळीचा भाव

स्वयंपाकाचा कंटाळा ही गोष्ट आपल्या समाजात दोन मापांनी मोजली जाते. पुरुषाला तो असला तर त्याची कोणी दखलही घेत नाही. कारण त्याने स्वयंपाक करावा अशी अपेक्षाच नसते. स्त्रीला असला तर तो तिच्या स्वभावातील दोष ठरतो आणि तिला बोल लावण्यास सासर-माहेर दोन्ही पुढे येतात. वास्तविक जे काम रोज दोन वेळा, बिनमोबदला आणि बिनसुट्टीचे करावे लागते, त्याचा वीट न येणे हेच आश्चर्य. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेल्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. चुलीपुढच्या कामगाराचा रविवार मात्र अद्याप उजाडलेला नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात फार थोडी. म्हणजे ज्यांना स्वयंपाकाचा कंटाळा परवडतो त्यांच्यासाठी तो दुसरे कोणीतरी करीत असते. गिरणगावात एकटे राहणाऱ्या हजारो कामगारांची जेवणे खाणावळी चालविणाऱ्या बायांनी रांधली. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या या बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकांची दारे त्यांना उघडून दिली. तोपर्यंत त्यांचे श्रम हे श्रम आहेत, हेही कोणाच्या हिशेबी नव्हते.

आता परिस्थिती अशी की, नवरा-बायको दोघेही कामावर जातात, मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहते, कार्यकर्ता सभा-मोर्चांच्या धावपळीत असतो. आणि रांधण्यास कोणालाच सवड नसते. मग चहा-बिस्किटे, वडापाव, पाव-भाजी यांवर दिवस निघतो. पोट भरते, पण त्या भरलेल्या पोटात पीठ, बटाटा व तेल यांचाच भरणा असतो. शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने त्यात अल्प असतात. या उणिवेवर बाजाराने आपले उत्तर तयार ठेवलेच आहे: रंगीत डब्यातील भुकटी. ती बहुधा दुधाच्या निवळीपासून काढलेली असते, आणि तिची किंमत पाहिली तर शेतमजुराने त्या डब्याकडे दुरूनच नमस्कार करावा.

प्रत्यक्षात गरज किती, हे पाहिल्यास डब्याची भीड राहणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली केलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. आता हिशेब मांडावा. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० ग्रॅम डाळीतून सुमारे ११, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ आणि पेलाभर दुधातून वा दह्यातून ६ ग्रॅम. बेरीज ४४ झाली. एक अंडे घेतले की पन्नाशी गाठली. धान्यात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे उणे ते धान्य भरून काढते. पिठले-भाकरी, वरण-भात, खिचडी या जोड्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून जुळल्या आहेत, आणि आजचे आहारशास्त्र त्यांना दुजोराच देते.

कंटाळा असणाऱ्याला सोयीचे असे यात पुष्कळ आहे. बेसन पाण्यात कालवून कांदा-मिरचीच्या फोडणीवर ओतले की दहा-पंधरा मिनिटांत पिठले होते. कोकणात हेच काम कुळथाचे पीठ करते. मुगाची डाळ भिजत घालावी लागत नाही. तांदळाबरोबर कुकरमध्ये चढवली की तीन शिट्यांत खिचडी तयार, आणि शिट्या होईपर्यंत माणूस वर्तमानपत्र वाचू शकतो. मटकी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधली तर मोड आणण्याचे काम ती स्वतःच करते. मग वाफवून कांदा, लिंबू, मीठ एवढे पुरे. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्म्याने प्रथिने असतात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून, पिळून कोणत्याही रश्श्यात टाकाव्यात. अंडी उकडण्यास कला लागत नाही. आणि चूल पेटवायचीच नसेल तर फुटाणे, शेंगदाणे व गूळ आहेतच. मुंबईच्या बांधकामांवर राबणारा बिहारी मजूर चण्याचे सातू पाण्यात कालवून, त्यात कांदा-मीठ-लिंबू घालून आपली न्याहारी पाच मिनिटांत उरकतो. या जेवणांना सुगरणपणा लागत नाही, हेच त्यांचे सामाजिक मोल आहे. जे कोणालाही करता येते, ते एकटीच्याच गळ्यात बांधण्याचे कारण उरत नाही.

तथापि येथे थांबणे म्हणजे गरिबांना पाककृती सांगून घरी पाठविण्यासारखे होईल. मराठी वाचकांना परिचित असलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९७० च्या दशकात एक मुद्दा आग्रहाने मांडला होता. भारतात प्रथिनांची म्हणून जी तूट दिसते ती बहुतांशी एकंदर अन्नाच्याच तुटीतून येते. कारण पोटात पुरेसे अन्न नसेल तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. त्यांच्या पुढील निष्कर्षांवर, विशेषतः दारिद्र्य मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीवर, वि. म. दांडेकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी कठोर टीका केली आणि तो वाद गाजला. परंतु मूळ मुद्द्याचा बोध असा की, आधी पोटभर अन्न हवे आणि त्यात डाळीचा वाटा हवा. एकाशिवाय दुसरे व्यर्थ.

हा डाळीचा वाटाच आक्रसत गेला. १९५१ साली देशात दरडोई रोज सुमारे ६० ग्रॅम कडधान्ये उपलब्ध होती. २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. पुढे काही सुधारणा झाली, पण पन्नास वर्षांची ती घसरण आपोआप झालेली नव्हती. हरितक्रांतीत पाणी, खत, हमीभाव व सरकारी खरेदी यांचे पाठबळ गहू-तांदळाला मिळाले. तूर, हरभरा, मूग कोरडवाहू जमिनीवर पावसाच्या भरवशावर राहिले. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आमटी पातळ झाली. आणि आमटी पातळ झाली की सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत पाणीच उरते. सोयाबीनची कथा तर अधिक बोलकी आहे. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी ते अमाप पिकवतो. तेल काढून उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशात जाते.

शासनाचे धोरणही धान्यापाशी येऊन अडते. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क देतो, डाळीचा देत नाही. २०२० च्या महासाथीत काही महिने कुटुंबामागे एक किलो डाळ वा हरभरा वाटला गेला; म्हणजे वाटणे अशक्य नव्हते. तामिळनाडूने २००७ पासून स्वस्त तूरडाळ शिधापत्रिकेवर दिली, आणि तेथील शाळकरी मुलांच्या ताटात आठवड्याला पाच अंडी पडतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून लोकसहभागाकडे बोट दाखविण्यात आले. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याला मुलांचे एक अंडे जड व्हावे, याहून मोठी नामुष्की कोणती?

स्वयंपाकाचा भार घराबाहेर नेणे हाही समाजवादी कार्यक्रमाचाच भाग आहे. चेन्नईत २०१३ साली सुरू झालेल्या सरकारी उपाहारगृहांत इडली एका रुपयाला मिळू लागली. महाराष्ट्रात जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, भाजी, भात आणि वाटीभर वरण. अशा थाळीत वरण दाट असावे, उसळ वा अंडे असावे, आणि रांधणाऱ्या स्त्रियांना नियमित व पुरेसे वेतन मिळावे, अशी मागणी प्रत्येक तालुक्यातून आली पाहिजे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याची आठवण यानिमित्ताने जरूर व्हावी.

आणि ज्या कार्यकर्त्यांना ही मागणी व्यासपीठावरून करावयाची आहे, त्यांनी एक लहान कसोटी स्वतःला लावून पाहावी. सभा आटोपून रात्री दहाला घरी पोहोचल्यावर ताट कोण वाढते? कुकर लावण्यास अर्धा तास लागतो, त्यातील बराचसा तो स्वतःच चालवतो. शिधापत्रिकेवर डाळ मिळेपर्यंत लढा लांबेल. घरातील कुकर उद्याच चढवता येईल.